निळ्या पट्टीच्या दोन्ही बाजू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा मंडळाचे प्रमुख माननीय लेलँड फ्राय, व्यासपीठावरचे आदरणीय पाद्री गेंट्री, दोन्ही बंब बाहेर उन्हात उभे करून आपल्याला ही जागा मोकळी करून देणारे अग्निशमन दलाचे कॅप्टन ब्रँट स्टाइल्स, जिच्यासाठी आजचा दिवस सगळ्यात लांबलचक ठरणार आहे ती पुढच्या रांगेतली एमलिन, पालक, आजी-माजी विद्यार्थी, हॅडली फेरी गावची सर्व मंडळी, आणि ज्यांच्यामुळे आपण इथे आहोत त्या आमच्या आर्डिथ कोल्व्हिन बाई, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी डेलिया हॉर्नबी. पुलाखालच्या टायरच्या दुकानातल्या विल्बर हॉर्नबी यांची मुलगी. पाचवीत मी बाईंच्या वर्गात होते. आता जिल्ह्याच्या बांधकाम खात्यात इंजिनीअर आहे. आपली शाळा फेब्रुवारीपासून रिकामी आहे ती माझ्या अहवालामुळे. ही ओळख इथे कुणाला नवी नाही. पण बोलायला उभं राहणाऱ्याने आधी आपण कोण ते सांगावं, हे बाईंनीच शिकवलं आहे.

बाहेरच्या फलकावर 'कोल्व्हिन बाईंना निरोप' असं लिहिलं आहे आणि त्यापुढे कुणीतरी खडूने प्रश्नचिन्ह काढलं आहे. आत येताना मी ते पाहिलं. पुसलं नाही. ते चुकीचं नाही. शाळा मंडळाचा प्रस्ताव तुम्हाला माहीत आहे. मागच्या भिंतीला लोखंडी टेकू द्यायचे आणि ऑगस्टमध्ये शाळा एका वर्षापुरती उघडायची. तसं झालं तर बाई आणखी एक वर्ष शिकवतील, आणि एमलिन, म्हणजे त्यांची नात, त्यांच्याच वर्गात पाचवी करेल. नाही झालं तर बाई आत्ताच निवृत्त होतील आणि मुलं बसने डोंगरापलीकडच्या शाळेत जातील. एका वर्षात नव्या इमारतीसाठी काहीतरी हालचाल होईल, अशी मंडळाला आशा आहे. त्यासाठी माझी सही लागते. मी ती सोमवारी करणार की नाही, हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या वडिलांनाही नाही. एका माणसाला सांगितलं आहे, त्याबद्दल पुढे बोलते.

त्याआधी बाईंच्या वर्गाबद्दल बोलू द्या. समारंभ त्यांचा आहे.

ज्यांनी बाईंकडे पाचवी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. वर्गाच्या मधोमध जमिनीवर एक निळी चिकटपट्टी लावलेली असे. फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत. इतिहासाच्या तासाला बाकं भिंतीकडे सरकवायची. बाई पुस्तक उघडत नसत. त्या एक माणूस सांगत. तो कुठे राहतो, घरात कोण आहेत, चुलीवर काय आहे, बाहेर हवा कशी आहे. मग त्याच्या दारात एक प्रश्न आणून उभा करत. आणि तिथेच थांबत. पुढे काय झालं ते सांगत नसत. आधी आपण उठायचं आणि पट्टीच्या एका बाजूला जाऊन उभं राहायचं. कारण मोठ्याने सांगायचं.

पट्टीवर उभं राहायला मनाई होती. पट्टीवर फक्त बाई उभ्या राहत.

आमच्या वर्गाला सगळ्यात आधी मिळाला तो याच नदीवरचा नावाडी. वर्ष अठराशे एक्कावन्न. पलीकडच्या केंटकीत गुलामगिरी आहे, अलीकडच्या ओहायोत नाही. पण वॉशिंग्टनहून नवा कायदा आला आहे. पळून आलेल्या गुलामाला मदत केली तर तुरुंग आणि न झेपणारा दंड. नावाड्याला तीन मुलं आहेत, बायको आजारी आहे, होडी हीच मिळकत आहे. आणि पहाटे त्याच्या गोठ्यात पलीकडून पळून आलेली एक बाई बाळाला घेऊन बसलेली सापडते. आता काय करशील?

आम्ही सगळे एकाच बाजूला धावलो. दहा वर्षांची मुलं आम्ही, धक्काबुक्की करत धावलो. बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे वा, सगळेच शूर. उत्तर शेवटच्या पानावर छापलेलं असलं की शूर होणं सोपं जातं." मग त्यांनी ब्रँटला विचारलं, "तुझं कारण काय रे?"

ब्रँट म्हणाला, "बाई, मी तिला मदत करणार आणि होडी विकून टाकणार. होडीच नाही म्हटल्यावर मला पकडणार कशाला?"

कॅप्टनसाहेब, तुम्ही हसताय. त्या दिवशी वर्गही हसला होता. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या मुलांनी उद्या काय खायचं, हे तू आत्ता ठरवलंस. छान. आता पलीकडे जा आणि ज्याने दार लावून घेतलं त्याची बाजू मांड."

"पण बाई, तो वाईट आहे!"

"असेल. त्याची बाजू मांडणं म्हणजे त्याला माफ करणं नव्हे. जा."

हा बाईंचा दुसरा नियम. आपलं कारण सांगून काम संपत नसे. पट्टी ओलांडून समोरच्यांची बाजू मांडावी लागे. तीही अशी, की ती ज्यांची आहे त्यांच्यापैकी कुणीतरी "हो, हेच" म्हणालं पाहिजे. हे दोन शब्द ऐकू आल्याशिवाय आपला निर्णय धरला जात नसे. ते म्हणायचा हक्क फक्त पलीकडच्या माणसाला. मैत्रीखातर म्हटलं तर चालत नसे. बाईंना ते लगेच कळायचं. "तू अलीकडे उभी आहेस, तुझं 'हो' मला नको," म्हणायच्या.

त्या दिवशी पलीकडे कुणीच नव्हतं, म्हणून बाईंनी चार मुलांना तिकडे पाठवलं. मी काय केलं? मी पट्टीवर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "मला अजून माहिती हवी. शेजारी कोण राहतात? पाठलाग करणारे किती लांब आहेत? नदी गोठलीय का?"

बाई म्हणाल्या, "पोरी, त्यालाही माहीत नाही. तो गोठ्याच्या दारात कंदील घेऊन उभा आहे आणि बाळ रडायला लागलंय. उतर माझ्या पट्टीवरून."

वर्षभर हेच चाललं. पुढे एक काळा बाप आला, आमच्या आजोबांच्या काळातला. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेत पहिली काळी मुलगी म्हणून पाठवायचं आहे, आणि शाळेच्या दाराशी गर्दी जमलेली आहे. सगळे ओरडले, "पाठवायचं!" बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही जाणार आहात. ती जाणार आहे. आता पुन्हा सांगा." मग एक मुलगी पट्टी ओलांडून गेली. आणि मग उरलेल्यांना कळलं, की दोन्ही बाजूंना उभे असलेले लोक त्या सहा वर्षांच्या मुलीवर सारखंच प्रेम करत होते.

बाईंनी स्वतःची बाजू कधीच सांगितली नाही. आम्ही खूप विचारायचो. "बाई, तुम्ही काय केलं असतं?" त्या म्हणायच्या, "मी शिक्षिका आहे. मी पट्टीवर." इतक्या वर्षांत एकाही वर्गाला त्यांनी ते सांगितलेलं नाही. मी आज सकाळपासून इथे आलेल्या माजी विद्यार्थ्यांना विचारून पाहिलं. नाही सांगितलं.

आता शाळेबद्दल.

फेब्रुवारीत नदीचं पाणी उतरल्यावर मी इमारत पाहायला आले. दरवर्षीची तपासणी होती. मागच्या भिंतीत नवी भेग दिसली. आत जाऊन वरच्या मजल्याची फरशी उघडून पाहिली. वरचा मजला ज्या लाकडी तुळयांवर टेकलेला आहे, त्यांची टोकं भिंतीत बसवलेली आहेत. भिंत बाहेर सरकते आहे, तुळया जागच्या जागी आहेत. म्हणजे टोकं भिंतीतून निसटत चालली आहेत. जेवढं टोक आत असायला हवं, त्याच्या निम्मंही उरलेलं नाही. ती निसटली तर आधी आवाज होणार नाही. वरचा मजला खाली येईल. वर पाचवीचा वर्ग आहे. खाली पहिलीचा.

त्याच दुपारी मुलांना बाहेर काढलं. तेव्हापासून पाचवी इथे, अग्निशमन दलाच्या या हॉलमध्ये भरते. तुमच्या खुर्च्यांखाली निळी पट्टी आहे. बाईंनी ती पहिल्याच दिवशी लावली.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्हीच ते बोलत होता. वडिलांच्या दुकानात माणसं टायर बदलायला येत आणि म्हणत, "विल्बर, पोरीला सांगू नकोस हं, माझ्या गाडीच्या काचेला तडा आहे. ती गावातला रस्ताच बंद करेल." वडील हसत. मग माणसं कमी यायला लागली, तेव्हा हसायचं कारण राहिलं नाही. वडिलांनी मला एकदाही काही विचारलं नाही. फक्त एकदा म्हणाले, "भिंत आणखी एकदा बघून येतेस का?" मी बघून आले. भिंत तशीच होती.

लोक मला विचारतात, तुला काही वाटत नाही का? खरं सांगायचं तर सध्या नाही. दात काढण्याआधी हिरडीला भूल देतात, तेव्हा ओठ आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही. तसं आहे. भूल उतरेल तेव्हा कळेल. आज मला माझ्या वाटण्याबद्दल बोलायचं नाही.

एप्रिलमध्ये बाईंचा फोन आला. "रविवारी जेवायला ये." मी गेले. त्या घेवडा शिजवत होत्या, मक्याचा पाव ओव्हनमध्ये होता. एमलिन टेबलाखाली मांजराशी भांडत होती.

"खाल्लंस का?" बाईंनी विचारलं.

"हो."

"खोटं बोलतेस. बस."

मी बसले. त्यांनी ताट वाढलं. शाळेचा विषय काढला नाही. भिंतीचा नाही, टेकूंचा नाही. वडिलांची पाठ कशी आहे ते विचारलं. मग म्हणाल्या, "माझ्या निरोपाला भाषण तू करायचंस."

मी म्हटलं, "बाई, मी सही करणार नाही."

तो एक माणूस म्हणजे बाई. मी फक्त त्यांनाच सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मी सहीचं विचारलं नाही. भाषणाचं विचारलं."

"लोक माझं ऐकून घेणार नाहीत."

"माझ्या समारंभात घेतील. लेलँड फ्राय पाचवीत असताना त्याला मी कानाला धरून बसवलंय, अजूनही बसवीन."

टेबलाखालून एमलिनने विचारलं, "आजी, सही म्हणजे शाळेची का?"

"तू मांजर सोड," बाई म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, "एकच अट. दुसरी बाजू नीट मांडायची."

त्यांनी पुन्हा पाव वाढला. मी खाल्ला. चव कळली नाही, पण तो गरम होता.

तेव्हा आता नियमाप्रमाणे.

माझी बाजू: मी सोमवारी सही करणार नाही. कारण असं. टेकू भिंतीला धरतात हे खरं आहे. पण टेकूही कशावर तरी उभा राहतो. आपल्या शाळेमागची जमीन ही नदीने आणून टाकलेली माती आहे, आणि भिंत सरकते आहे ती ही माती सरकते म्हणून. जी जमीन भिंतीला धरू शकत नाही, तिच्यावरच टेकू उभे करायचे आहेत. एक वर्ष काही होणार नाही, असं होऊ शकतं. तशी शक्यता जास्त आहे, हेही मी मान्य करते. पण "बहुतेक" या शब्दाखाली मला सही करता येत नाही, कारण खाली पहिलीचा वर्ग आहे. माझं कारण एवढंच आहे. कुणी कुजबुजलं तरी हरकत नाही. मला पुढचं बोलू द्या, कारण पुढचं तुमचं आहे.

आता मी पट्टी ओलांडते.

तुमची बाजू अशी. हॅडली फेरीत आधी गिरणी होती, ती गेली. बँक गेली. दवाखाना डोंगरापलीकडे गेला. दर वेळी कुणीतरी शिकलेलं माणूस आलं, त्याने कागदावर दाखवून दिलं की हेच बरोबर आहे, आणि ते बरोबरच होतं. सगळं बरोबर होत होत गाव संपत आलं. शाळा ही शेवटची गोष्ट आहे जी अजून इथे आहे. एकदा मुलं डोंगरापलीकडच्या शाळेत गेली, की आई-बापही तिकडे घर बघतात. मग नव्या इमारतीची मागणी करायला मुलंच उरत नाहीत. एक वर्ष म्हणजे नुसतं एक वर्ष नाही. ती फटीत अडकवलेली पाचर आहे. ती काढली की दार बंद.

आणि दुसरं. डोंगरावरचा रस्ता. जोलीन टॅकेट तिथे मागे उभ्या आहेत, त्या आपल्या शाळेची बस चालवतात. मार्चमधल्या सभेत त्या मला म्हणाल्या होत्या, "डेलिया, तुझी भिंत कदाचित पडेल. माझा रस्ता दर जानेवारीत गोठतो. त्या वळणावर पहाटे धुकं असतं, खाली दरी असते, आणि माझ्या मागे चाळीस मुलं एकमेकांना टोप्या फेकून मारत असतात. उद्या बस घसरली तर ते कुणाच्या अहवालात लिहिणार? तिथे तुझी सही कुठे असेल?" भिंत किती सरकली ते मला मोजता येतं. तो रस्ता मला मोजता येत नाही. म्हणून मी जे मोजता येतं त्यावर निर्णय घेतला, आणि जे मोजता येत नाही ते जोलीनच्या हातात, स्टिअरिंगवर ठेवून दिलं. हे न्याय्य नाही. तुमची बाजू अशी आहे, की धोका मी दूर केलेला नाही. मी तो माझ्या टेबलावरून उचलून तुमच्या मुलांच्या रोजच्या सकाळीत ठेवला आहे.

आणि तिसरं, जे कुणी सभेत बोललं नाही. एक मुलगी आहे, पहिलीपासून ती दिवस मोजते आहे की आपण आजीच्या वर्गात कधी जाणार. तिची आजी ती पट्टी घेऊन तिची वाट पाहते आहे. आता ती मुलगी दुसऱ्या गावात, दुसऱ्या कुणाच्या तरी वर्गात पुस्तकातून इतिहास वाचेल, आणि उत्तर तिला शेवटच्या पानावर मिळेल. बाईंना एवढं एकच वर्ष हवं होतं. बाकी त्यांनी कधी कुणाकडे काही मागितलेलं नाही. मी ते देऊ शकते. पेनाने. आणि मी देत नाही.

ही तुमची बाजू. मी ती नीट मांडली का?

कुणीतरी बोलायला हवं. नियम तुम्हाला माहीत आहे.

जोलीन, तुम्ही मान हलवताय. ती हो म्हणून हलवताय की नाही म्हणून, मला इथून कळत नाही.

ब्रँट, तू नको. तू काल मला सांगितलंस की तू माझ्या अहवालाच्या बाजूने आहेस. तुझं चालणार नाही.

मी थांबते. मला घाई नाही.

बाई, तुम्ही कशाला उठताय? माईक हवाय का? बसूनच बोला ना.

मागच्या मंडळींना ऐकू आलं नसेल, म्हणून मी सांगते. कोल्व्हिन बाई म्हणाल्या, "हो. हेच."

हे दोन शब्द पलीकडच्या माणसालाच म्हणता येतात. त्याशिवाय ते धरले जात नाहीत. हा नियम बाईंचाच आहे आणि त्यांनी तो कधी मोडलेला नाही.

म्हणजे बाई पलीकडे आहेत.

त्या रविवारी, पाव वाढत होत्या तेव्हाही तिथेच होत्या.

मी धरून चालले होते की... असू दे. मी काय धरून चालले होते ते मोजमापात बसत नाही.

बाई, तुम्ही पट्टीवरून उतरलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि उतरून माझा निर्णय धरला जाईल असं केलंत. मी सोमवारी सही करणार नाही. आता ते रीतसर झालं.

समारंभाच्या शेवटी आभार मानायचे असतात. शाळा मंडळाने मला बोलू दिलं, अग्निशमन दलाने छप्पर दिलं, चर्चच्या महिला मंडळाने मागे मासे तळून ठेवले आहेत, ते गार होत आहेत, या सगळ्यांची मी आभारी आहे. माझ्या वडिलांचीही. ते शेवटच्या रांगेत बसले आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. जेवायला जाताना कुणी त्यांच्या शेजारी बसलं तर मला बरं वाटेल.

फलकावरचं प्रश्नचिन्ह आता पुसायला हरकत नाही. ज्याने काढलं त्यानेच पुसावं.

मला सभेत बोलायची सवय नाही. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर मोठ्या मनाने मला क्षमा करावी. निर्णयाबद्दल मी क्षमा मागत नाही. ती मागितली तर बाई मला पुन्हा पट्टीवरून उतर म्हणतील.

एमलिन, तुझ्या आजीच्या खुर्चीखाली निळ्या पट्टीचं उरलेलं वेटोळं आहे. ते तू ने. तिकडच्या वर्गात जमीन असेलच.

धन्यवाद.